निखारा, कोळसा, कर्ब : खापरखेड्यापर्यंत पोहोचलेल्या एका शब्दाचा इतिहास

#थ्रेड #शब्दांचा_इतिहास

१/ खापरखेडा. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या परिसरातील औद्योगिक गाव. येथे ‘कोळसा’ म्हटले की खदानीतून निघणारा आणि मालगाडीच्या वाघिणींतून औष्णिक वीज केंद्रात जाणारा काळा दगड डोळ्यांपुढे येतो. लाकडाचा कोळसा हवा असेल, तर ‘लाकडी’ किंवा ‘लोणारी’ असे विशेषण जोडावे लागते. एके काळी नेमके उलट होते. ‘कोळसा’ म्हणजे लाकडाचाच, आणि विशेषण लावावे लागे ते खाणीतल्या दगडाला.

२/ इंग्रजीतील ‘कोल’ या प्राचीन शब्दाच्या वाट्यालाही हीच उलथापालथ आली, फक्त काही शतके आधी. एक जळाऊ वस्तू दुसरीची जागा घेते, तेव्हा ती पहिलीचे नावही घेऊन जाते. त्या नावासोबत कोणाचा व्यवसाय जातो, कोणाचे श्रम झाकले जातात आणि शेवटी राख कोणाच्या अंगणात पडते, हे या दोन शब्दांच्या जोडकथेतून दिसते.

३/ आरंभ इंग्रजीपासून. इसवी सन १००० च्या आधीच्या जुन्या इंग्रजीत ‘कोल’ हा शब्द आढळतो. त्याचा मूळ अर्थ खनिज नव्हे. ज्वाला विझली आहे पण आत धग शिल्लक आहे, असा लाकडाचा लालबुंद तुकडा म्हणजे कोल. मराठीत ज्याला निखारा किंवा इंगळ म्हणतात, तो. इंग्रजी बायबलच्या १६११ च्या भाषांतरातही हा शब्द येतो, तेथेही बहुतेक ठिकाणी धगधगता निखाराच अभिप्रेत आहे. तेथे दगडी कोळसा कल्पिला, तर अर्थाचा अनर्थ होतो.

४/ या शब्दाचे गोत्र मोठे आहे. जर्मनमध्ये ‘कोहले’, डचमध्ये ‘कोल’, स्वीडिशमध्येही ‘कोल’. आयरिश भाषेतील ‘गुअल’ हा त्याचा दूरचा नातलग. काही भाषाभ्यासक हे मूळ संस्कृतातील ‘ज्वल्’ या धातूशी, म्हणजे ज्वाला आणि प्रज्वलन या शब्दांच्या कुळाशी जोडतात. ते नाते धरले, तर ‘कोल’चा गाभा काळेपणात नसून प्रकाशात आहे. शब्द जन्माला आला तेव्हा तो तांबडा होता. काळा झाला तो नंतर.

५/ येथे एक मोह आवरावा लागतो. इंग्रजी ‘कोल’ आणि मराठी ‘कोळसा’ ऐकताच ते सख्खे भाऊ वाटतात. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. खरे नाते अनेकदा तेथे सापडते, जेथे कान ते ओळखत नाही. रशियन भाषेत कोळशाला ‘उगोल’ म्हणतात. तो शब्द आणि आपला ‘अंगार’ हे एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. ‘इंगळ’ हा त्याच अंगाराचा मराठी वंशज. दिसायला परके, पण रक्ताचे नातलग.

६/ आता मराठीकडे. हिंदीत ‘कोयला’, गुजरातीत ‘कोलसो’, प्राकृतात ‘कोइला’. संस्कृत कोशांत ‘कोकिल’ या शब्दाचा कोकीळ पक्षी हा प्रसिद्ध अर्थ आहेच, शिवाय ‘जळता निखारा’ असाही एक अर्थ नोंदलेला आहे. म्हणजे इंग्लंडप्रमाणे येथेही कथा चुलीपाशीच सुरू होते. भूगर्भाचा संबंध अजून कोठेच नाही.

७/ मराठीने मात्र एक सूक्ष्म भेद पाळला. जिवंत असतो तो निखारा, विझतो तो कोळसा. जुन्या इंग्रजीत दोन्ही अवस्था ‘कोल’ या एकाच शब्दात मावत. मराठीत पोळी करपली की तिचा ‘कोळसा होतो’, निखारा होत नाही. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हणही लाकडी कोळशाच्या काळातली वाटते. हातात धरून सहाणेवर उगाळता येईल असा तो हलका, ठिसूळ तुकडा घराघरांत होता.

८/ हा लाकडी कोळसा आपोआप मिळत नसे. लाकडे रचायची, त्यांवर पालापाचोळा आणि मातीचा थर द्यायचा, आत आग लावून हवा जवळजवळ बंद करायची. लाकूड पुरते जळू द्यायचे नाही आणि विझूही द्यायचे नाही. धुराच्या रंगावरून आत काय चालले आहे, ते ओळखायचे. हवा जास्त झाली तर हाती राख, कमी झाली तर अर्धे कच्चे लाकूड. भट्टीवर दिवसरात्र पहारा ठेवावा लागे. महाराष्ट्रात या कामाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तो समाज म्हणजे लोणारी.

९/ लोहाराचा भाता, सोनाराची बागेसरी, कल्हईवाल्याची भट्टी, परटाची इस्त्री ही सारी याच कोळशावर चालत. लाकडापेक्षा त्याची आच अधिक तीव्र असते आणि धूर कमी होतो. लोखंड वितळवणाऱ्या जुन्या भट्ट्यांत त्याचे दुहेरी काम होते. तो उष्णता देई आणि खनिजातील प्राणवायू ओढून घेऊन शुद्ध लोखंड मोकळे करी. म्हणजे तलवारीच्या पात्यामागे आणि नांगराच्या फाळामागे लोहार होताच, त्याच्याही मागे कोळसा पाडणारा उभा होता.

१०/ गडकोटांच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाची गोष्ट. तोफेची दारू तीन पदार्थांची होत असे. शोरा, गंधक आणि कोळसा. हा कोळसा लाकडाचाच, आणि तोही रुईसारख्या हलक्या लाकडाचा उत्तम मानला जाई. म्हणून जुन्या कागदांत दारूखान्याच्या संदर्भात ‘कोळसा’ दिसला, तर खाणीचा विचार मनात आणू नये. आजचा रूढ अर्थ कालच्या कागदावर लादणे, ही इतिहासवाचनातील सर्वांत सहज होणारी चूक आहे.

११/ आता पुन्हा इंग्लंड. तेथेही कोळसा पाडणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग होता. त्यांना ‘कॉलियर’ म्हणत. मध्ययुगात कॉलियर म्हणजे खाणकामगार नव्हे. तो जंगलात राहून भट्टी लावणारा आणि लाकडी कोळसा गोण्यांत भरून शहरात विकणारा माणूस. लंडनजवळचे क्रॉयडन अशा कॉलियरांसाठी प्रसिद्ध होते. काळवंडलेले हात, काळवंडलेला चेहरा आणि नगरवासीयांची थट्टा हे त्यांच्या वाट्याला आलेले. थोडक्यात, इंग्लंडचे लोणारी.

१२/ तेराव्या शतकाच्या सुमारास लंडनमध्ये एक निराळा पदार्थ दिसू लागला. जड, दगडासारखा, दुर्गंधी सोडणारा. त्याला नाव मिळाले ‘सी-कोल’, म्हणजे समुद्री कोळसा. या नावाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, ईशान्य किनाऱ्यावर लाटांबरोबर त्याचे तुकडे वाहून येत. दुसरे, न्यूकॅसलकडून तो जहाजांनी लंडनला येई. कसेही असो, नुसत्या ‘कोल’ या नावावर अद्याप त्याचा हक्क नव्हता. विशेषणाविना त्याला ओळख नव्हती.

१३/ त्याचे स्वागतही चांगले झाले नाही. १२५७ मध्ये इंग्लंडची राणी एलिनॉर नॉटिंगहॅम येथे मुक्कामास होती. समुद्री कोळशाच्या धुराने त्रस्त होऊन तिने ते शहर सोडल्याची नोंद आहे. पुढे राजा पहिला एडवर्ड याच्या कारकिर्दीत लंडनमधील चुनाभट्ट्यांच्या धुराविरुद्ध चौकशी झाली, बंदीचे हुकूमही निघाले. हुकूम निघत राहिले, धूरही निघत राहिला. १६६१ मध्ये जॉन ईव्हलिन याने लंडनच्या धुरावर ‘फ्युमिफ्युजियम’ ही पुस्तिकाच लिहिली.

१४/ तरीही समुद्री कोळसा जिंकला, कारण लाकूड महाग होत गेले. शहर वाढले, जहाजबांधणी वाढली, वने मागे हटली. सतराव्या शतकात लंडनच्या सामान्य घरांतही खनिज कोळसाच जळू लागला. जो पदार्थ रोज, सर्वत्र आणि सर्वांकडे असतो, त्याला विशेषण कोण लावणार? ‘सी’ गळून पडला आणि उरला नुसता ‘कोल’. ज्याचे ते मूळ नाव होते, त्या लाकडी कोळशाला मात्र चौदाव्या शतकापासून प्रचारात असलेल्या ‘चारकोल’ या जोडनावावर समाधान मानावे लागले.

१५/ भाषेतील हा नियम मराठी वाचकाला परका नाही. पूर्वी माग म्हणजे मागच. यंत्रमाग आला आणि त्याला ‘हातमाग’ व्हावे लागले. पूर्वी अंडे म्हणजे अंडेच. पोल्ट्रीचे अंडे आले आणि घरच्या कोंबडीचे अंडे ‘गावरान’ झाले. पूर्वी चित्रपट म्हणजे चित्रपट. बोलपट आला आणि आधीचा ‘मूकपट’ ठरला. नवागत मूळ नावावर बसतो आणि जुन्याला विशेषणाची काठी टेकत चालावे लागते. कोणत्या वस्तूला विशेषण लागते, हे पाहिले की त्या काळी सत्ता कोणाकडे होती, ते कळते.

१६/ खनिज कोळशाला नाव देताना जगातील अनेक भाषांनी एकच युक्ती केली. जर्मनमध्ये ‘श्टाइनकोहले’, रशियनमध्ये ‘कामेन्नी उगोल’, जपानीत ‘सेकितान’. या सर्वांचा शब्दशः अर्थ एकच : दगडी कोळसा. मराठीतील ‘दगडी कोळसा’ हाही याच पंगतीतला. वेगवेगळ्या खंडांतील माणसांनी तो काळा खडक हाती घेतला आणि सर्वांना प्रथम आठवला तो आपल्या शेगडीतला लाकडी कोळसा. ओळखीच्या नावाला ‘दगड’ जोडून त्यांनी अनोळखी वस्तू आपलीशी केली.

१७/ वस्तू बदलली तसा माणसाचा अर्थही बदलला. ‘कॉलियर’ आता जंगलातील भट्टीवाला न राहता खाणीत उतरणारा मजूर झाला. पुढे तर तो माणूसही राहिला नाही. कोळसा वाहणाऱ्या जहाजाला कॉलियर म्हणू लागले. कॅप्टन कूकचे प्रसिद्ध ‘एन्डेव्हर’ हे मूळचे असेच कोळसावाहू जहाज. त्याच कुळातील ‘कॉलियरी’ हा शब्द समुद्र ओलांडून भारतात आला आणि विदर्भाच्या कोळसापट्ट्यात ‘कॉलरी’ होऊन रुळला.

१८/ या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत काळे पान स्कॉटलंडमधील. १६०६ च्या कायद्याने तेथील कोळसा खाणीतील मजूर आणि मीठ पिकवणारे कामगार मालकाशी जखडले गेले. मालकाच्या परवानगीवाचून त्यांना दुसरीकडे काम करता येत नसे. खाण विकली गेली की तिच्याबरोबर ही माणसेही नव्या मालकाकडे जात. १७७५ च्या कायद्याने सुटका सुरू झाली, ती पूर्ण झाली १७९९ मध्ये. पावणेदोनशेहून अधिक वर्षे ‘कॉलियर’ हा शब्द स्कॉटलंडमध्ये जवळजवळ बांधील माणसाचे नाव होता.

१९/ त्या कायद्यात कोळसा आणि मीठ यांची सांगड का? समुद्राचे पाणी आटवून मीठ करण्यासाठी कढयांखाली कोळसा जाळावा लागे, म्हणून दोन्ही व्यवसाय शेजारी नांदत. आता ‘लोणारी’ हा शब्द पुन्हा पाहावा. त्यातील ‘लोण’ म्हणजे लवण, मीठ. मीठ, चुना आणि कोळसा या तीन गोष्टींशी हा समाज परंपरेने जोडलेला. हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांची वार्ताही नसताना, मीठ आणि कोळसा यांची तीच जोडी दोन्हीकडे आढळते. दोन्हीकडे हे काम करणाऱ्यांना समाजाच्या उतरंडीत खालचीच पायरी मिळाली.

२०/ भारतात खनिज कोळशाच्या व्यापारी उत्खननाचा आरंभ १७७४ चा मानला जातो. जॉन समनर आणि स्यूटोनियस ग्रँट हीटली या कंपनी सरकारच्या दोन नोकरांनी बंगालमध्ये राणीगंज परिसरात खोदकामाची परवानगी मिळवली. परंतु खरी मागणी निर्माण केली ती वाफेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी धावली. मुंबईकडे त्या काळी विलायती कोळसा जहाजाने येत असे. दगडी कोळसा मराठी माणसाच्या परिचयाचा झाला, तो आगगाडीच्या इंजिनामुळे.

२१/ विलायतेहून कोळसा आणण्यापेक्षा तो येथेच शोधणे किफायतशीर होते. चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे सरकारने १८७० च्या दशकात खाण चालवण्यास घेतली आणि वर्ध्याहून तेथपर्यंत लोहमार्ग नेला. १९०६ मध्ये ती खाण बंद झाली, पण तोवर विदर्भाच्या नकाशावर ‘कॉलरी’ हा शब्द कायमचा उमटला होता. पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, वणी, उमरेड आणि नागपूरच्या उत्तरेचा कामठी पट्टा अशी त्याची व्याप्ती वाढत गेली.

२२/ कामठी पट्ट्याची ओळख मात्र खाणींपूर्वीच झाली होती. नागपूरला १८४५ पासून राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना भूशास्त्राचे वेड होते. ज्यांच्या नावाने आज नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे, तेच हे. त्यांनी आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर १८५५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. खापरखेड्याला लागून असलेल्या सिल्लेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना प्राचीन वनस्पतींचे जीवाश्म सापडले. तेथील थरांना भूशास्त्रात आजही ‘कामठी’ हेच नाव आहे.

२३/ याच संशोधनपरंपरेतून आणखी एक शब्द जगभर गेला. भूशास्त्रज्ञ हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये या खडकांच्या मालिकेसाठी ‘गोंडवाना’ हे नाव योजले, गोंडांच्या देशावरून. १८८५ मध्ये ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी एका प्राचीन महाखंडालाच ‘गोंडवाना-लँड’ म्हटले. ज्यांच्या भूमीवरून नाव घेतले, त्यांच्याच अरण्यांत पुढे खाणी उघडल्या. नाव जगाने घेतले, कोळसा कारखान्यांनी नेला.

२४/ विसाव्या शतकात कोळशाचा उपयोग वाढत गेला, तसा मराठीतला ‘दगडी’ही मागे पडत गेला. त्याची एक खूण व्याकरणात आहे. लाकडी कोळशाचे अनेकवचन होते. ‘चार कोळसे टाक’ असे शेगडीपाशी सहज म्हटले जाई. खनिज कोळशाचे अनेकवचन होत नाही, त्याचे टन होतात. इंग्रजीतही हेच घडले. पूर्वी ‘कोल्स’ म्हणजे मोजता येणारे तुकडे, नंतर ‘कोल’ म्हणजे तोलायचा ढीग. वस्तू हातातून निघून वजनकाट्यावर गेली, हे व्याकरणाने नोंदवून ठेवले.

२५/ ढिगामागची माणसे मात्र मोजावीच लागतात. भूमिगत खाणीत स्त्रियांच्या कामावर घातलेली बंदी १९३७ मध्ये पुरती अमलात आली. महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच १९४३ मध्ये ती उठवली गेली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या खाणींना भेट दिली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला.

२६/ १९७१ ते १९७३ या काळात देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली आणि तिची उपकंपनी वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आले. लोकांच्या तोंडी ती ‘वेकोलि’. सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी, भानेगाव ही खापरखेडा परिसरातील नावे खदानींची नावे झाली. खाणकायद्याच्या इंग्रजीत आजही ‘सरदार’ हे पद आहे. मराठ्यांच्या इतिहासात फौजेपुढे असलेला सरदार येथे पाळीवरच्या कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी घेऊन भुयारात उतरतो.

२७/ खापरखेड्यात १९५० च्या दशकात एक जुने वीजगृह चालत असे. आजच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॅटचे चार संच आणि २०११ मध्ये आलेला ५०० मेगावॅटचा पाचवा, अशी एकूण क्षमता १,३४० मेगावॅट. शेजारी कोराडीचे केंद्र. खदान जवळ, पाणी जवळ, रेल्वे जवळ आणि देशाच्या मध्यभागातून सर्वत्र वीज पाठवण्याची सोय. ‘कोळसा’ या शब्दाचा येथील अर्थ या संचांनीच निश्चित केला.

२८/ आणि येथेच शब्दाचे चक्र एका चमत्कारिक जागी येते. वीज केंद्रात कोळसा ढेकळांच्या रूपात जळत नाही. गिरण्यांत त्याची पिठासारखी पूड केली जाते आणि गरम हवेच्या झोतासह ती बॉयलरमध्ये फवारली जाते. कण अधांतरीच पेट घेतात आणि क्षणात संपतात. म्हणजे ज्या लालबुंद तुकड्याला प्रथम ‘कोल’ म्हटले गेले, तो निखाराच आता प्रक्रियेतून नाहीसा झाला आहे. शब्द शिल्लक राहिला, त्याच्या जन्माचे कारण हवेत विरले.

२९/ उरते ती राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. ‘राख’ हाही एके काळी घरगुती शब्द होता. भांडी घासायला राख, दात घासायला राखुंडी, धान्य टिकवायला राख. वीज केंद्राची राख निराळी. ती इतकी बारीक की नावातच उडणे आहे, ‘फ्लाय अ‍ॅश’. तिच्या विटा होतात, ती सिमेंटमध्ये मिसळते, उरलेली पाण्याबरोबर राखेच्या तलावांत जाते. वारेगाव आणि नांदगाव ही नावे या परिसरात राखेच्या चर्चेत येतात, ती त्यामुळे.

३०/ राखेच्या वापरासंबंधी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९९ ची. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के उपयोग बंधनकारक केला. नॉटिंगहॅमचा धूर टाळण्यासाठी राणीला गाव सोडता आले. ज्यांची शेती, विहीर आणि घर राखेच्या तलावाशेजारी आहे, त्यांना ती मुभा नसते. राजाचे हुकूम आणि लंडनचा धूर यांत जे अंतर होते, तेच अधिसूचना आणि अंगण यांत किती उरते, हा येथील रोजचा प्रश्न आहे.

३१/ दरम्यान या शब्दकुळाला आणखी एक अर्थ चिकटला. लॅटिनमध्ये लाकडी कोळशाला ‘कार्बो’ म्हणत. १७८७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी परिभाषा घडवताना त्यावरून एका मूलद्रव्याचे नाव केले. तेच इंग्रजीतील ‘कार्बन’ आणि मराठीतील ‘कर्ब’. शेतकऱ्याला ‘सेंद्रिय कर्ब’ हवा असतो, जगाला ‘कर्ब उत्सर्जन’ नको असते. चुलीतला एक तुकडा जमिनीच्या कसाचेही माप झाला आणि तापणाऱ्या पृथ्वीच्या हिशेबाचेही.

३२/ नोव्हेंबर २०२१. ग्लासगो येथील हवामान परिषद. अंतिम मसुद्यात कोळशावरील विजेसाठी ‘फेज आउट’, म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करणे, असे शब्द होते. शेवटच्या घटकेला भारताच्या आग्रहावरून ते ‘फेज डाउन’, म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी करणे, असे झाले. ‘आउट’च्या जागी ‘डाउन’. बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्दच्छल वाटेल. खदानीवर आणि वीज केंद्रावर ज्यांचे पोट आहे, त्यांच्यासाठी त्या एका शब्दात अनेक वर्षांचा रोजगार होता. राखेशेजारी राहणाऱ्यांसाठी त्याच शब्दात अनेक वर्षांची राख होती.

३३/ ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधील शेवटचे कोळशावरील वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअर, बंद झाले. १८८२ मध्ये लंडनच्या होबर्न व्हायाडक्ट येथे कोळशाच्या विजेचे सार्वजनिक केंद्र सुरू झाले होते. १४२ वर्षांचे ते पर्व संपले. रॅटक्लिफ नॉटिंगहॅमशर परगण्यातच आहे. ज्या नॉटिंगहॅममधून धुरामुळे एक राणी निघून गेली होती, तेथून अवघ्या काही मैलांवर. ‘कोल’ हा शब्द तेथे आता हळूहळू इतिहासाच्या पुस्तकांकडे सरकत आहे.

३४/ खापरखेड्यात तो अजून वर्तमानकाळात आहे. म्हणूनच येथे एक जबाबदारी आहे. अर्थ बदलताना पहिल्या अर्थाबरोबर जगलेली माणसे विसरली जातात, हे या शब्दाने दोनदा दाखवले. जंगलातला कॉलियर आणि भट्टीवरचा लोणारी यांची विद्या फारशी कोणी लिहून ठेवली नाही. धुराच्या रंगावरून भट्टीचे पोट ओळखणारे डोळे गेले आणि ते ज्ञानही गेले. उद्या खदानी थांबल्या, तर लोडर, सरदार, ओव्हरमन यांच्या तोंडची भाषा, त्यांच्या पाळ्या, त्यांचे अपघात, त्यांचे संप कोण नोंदवणार?

३५/ मराठीत दोष देण्याला ‘खापर फोडणे’ म्हणतात. बदललेल्या हवेचे खापर कोळशावर फोडणे सोपे आहे. पण खापराचा आणखी एक उपयोग जुन्या घरांना ठाऊक होता. काड्यापेटी नसलेल्या काळी शेजारच्या चुलीतला निखारा खापराच्या तुकड्यावर ठेवून घरी आणत आणि त्यावर आपली चूल पेटवत. विस्तव द्यायचा, घ्यायचा, आणि नेताना कोणाचे घर जळणार नाही याची काळजी वाहायची, एवढा सारा व्यवहार त्या तुकड्यावर होई. ‘कोल’ या शब्दाच्या जन्मकाळचा अर्थ तोच होता : हातोहात नेता येण्याइतका लहान, सर्वांच्या नजरेसमोरचा विस्तव.

(थ्रेड समाप्त)